आरआरपी : स्वरयंत्रात पुन्हा पुन्हा उगवणारे मस आणि त्यांच्यामागचा विषाणू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी तासगाव तालुक्यातला, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. माझ्या मुलीला हा आजार आहे हे कळले तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. आज ती अकरा वर्षांची आहे आणि तिच्या घशावर आतापर्यंत १७ शस्त्रक्रिया झाल्या आहेत. कुणाकडून तरी माझा नंबर मिळतो आणि कोल्हापूर, नांदेड, बेळगावहून पालकांचे फोन येतात. बोलणे सुरू झाले की बहुतेक वेळा तेच प्रश्न निघतात, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. उपचार काय करायचे ते तुमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. हा आजार असा का वागतो, एवढे मात्र मला सांगता येईल.

आरआरपी म्हणजे काय?

पूर्ण नाव रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. श्वसनमार्गात, मुख्यतः स्वरतंतूंवर, मसांसारख्या मऊ गाठी येतात. काढल्या तरी त्या पुन्हा येतात. कारण आहे ह्युमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत, पण आरआरपीमागे जवळजवळ नेहमी ६ आणि ११ हे दोनच प्रकार असतात. आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकात झालेल्या पाहणीत एक लाख मुलांमागे सुमारे ४ आणि एक लाख प्रौढांमागे सुमारे २ रुग्ण आढळले होते. मुलांमध्ये तो बहुधा दोन ते चार वर्षांच्या वयात लक्षात येतो, मोठ्यांमध्ये विशी ते चाळिशीत.

आमच्या मुलाला दमा आहे असे सांगितले होते. मग हे कुठून निघाले?

आमचेही तसेच झाले. मुलीचा आवाज बसला, मग रात्री श्वासाचा आवाज येऊ लागला. सात-आठ महिने आम्ही दम्याचे पंप देत होतो आणि फरक पडत नव्हता. ज्यांनी पंप दिले त्यांना मी दोष देत नाही. असा रुग्ण अनेक डॉक्टरांना आयुष्यात एकदाही दिसत नाही.

पण दोन गोष्टी तेव्हा कुणी मला सांगितल्या असत्या तर बरे झाले असते. पहिली, दम्यात शिट्टीसारखा आवाज बहुधा श्वास सोडताना येतो, तर स्वरयंत्राशी अडथळा असेल तर श्वास आत घेताना येतो. दुसरी, नुसत्या दम्याने मुलाचा आवाज महिनोन्‌महिने घोगरा राहत नाही. एका रात्री मी मुलीच्या उशाशी कान लावून बसलो. प्रत्येक श्वास आत ओढताना करवतीसारखा आवाज येत होता, गळ्याखालची खळगी आत जात होती, आणि सोडताना मात्र सगळे शांत. दुसऱ्या दिवशी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले तेव्हा पडद्यावर स्वरतंतू दिसलेच नाहीत. त्यांच्या जागी गुलाबी, बारीक मण्यांचा घोस होता.

लहान मुलाचा आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर दुर्बिणीने एकदा बघून घ्या. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत जात असेल तर उद्याची वाटही पाहू नका.

हा संसर्ग आहे हे कधी कळले?

लंडनचे मोरेल मॅकेन्झी यांनी एकोणिसाव्या शतकात या गाठी घशातल्या इतर गाठींपासून वेगळ्या ओळखल्या. १९२३ साली उलमान नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाच्या स्वरयंत्रातून काढलेला मस वाटून त्याचा अर्क स्वतःच्या हातात टोचला, आणि काही महिन्यांनी तिथे मस उगवले. आज असे करायला कोणीही परवानगी देणार नाही, पण संसर्गाची शंका त्या हाताने मिटवली. नेमका विषाणू हाती लागायला आणखी साठ वर्षे गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने प्रकार ६ आणि ११ वेगळे केले. त्यातला ११ स्वरयंत्राच्या मसातूनच मिळाला. त्सुर हाउझेन यांना पुढे २००८ साली नोबेल मिळाले ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही शोधल्याबद्दल.

विषाणू शरीरात नेमके काय करतो?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

एचपीव्ही फार लहान आहे. व्यास सुमारे ५५ नॅनोमीटर, आत गोल वळलेला डीएनए, त्यात जेमतेम ८,००० अक्षरे आणि आठ-नऊ जनुके. आपल्या जनुकसंचात अक्षरे आहेत तीन अब्ज. एवढ्या तुटपुंज्या सामानावर तो वर्षानुवर्षे माणसाच्या शरीरात राहतो, कारण स्वतः फार काही करत नाही. आपल्या पेशींची सगळी यंत्रणाच वापरून घेतो.

आपली त्वचा आणि घशाचे अस्तर थरांचे असते. सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि वरच्या शेवटी झडून जातात. विषाणूला खालच्याच थरात पोचावे लागते. एखादी सूक्ष्म जखम त्याला पुरते. तिथे तो आपल्या डीएनएच्या थोड्याशा प्रती करतो आणि गप्प बसतो. पेशी विभागते तेव्हा त्याचे ई२ हे प्रथिन विषाणूच्या डीएनएला आपल्या गुणसूत्रांना बांधून ठेवते, त्यामुळे दोन्ही नव्या पेशींत तो आपोआप जातो. पेशी वर सरकू लागल्या की त्यांनी विभागणे थांबवायला हवे, पण विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिने त्यांना थांबू देत नाहीत. थर जाड होत जातो, बोटांसारखे फाटे फुटतात, प्रत्येक फाट्यात बारीक रक्तवाहिनी शिरते. तोच मस. विषाणूचे कवच अगदी वरच्या थरात तयार होते, आणि झडणाऱ्या पेशींबरोबर तो बाहेर पडतो.

यात पेशी फुटत नाही, विषाणू रक्तात उतरत नाही, ताप येत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना जाग यावी असे काही घडतच नाही.

मग ऑपरेशन करूनही परत का येतो? डॉक्टरांनी नीट काढले नाही का?

काढलेले असते नीटच. हा प्रश्न विचारताना पालकांच्या आवाजात राग असतो. मला तो समजतो, कारण चौथ्या शस्त्रक्रियेनंतर मीही असाच बोललो होतो.

१९८३ साली बेटी स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक साधी गोष्ट तपासली. ज्यांचे मस गेले आहेत अशा रुग्णांच्या स्वरयंत्रातून डोळ्यांना पूर्ण निरोगी दिसणारे अस्तर घेतले आणि त्यात विषाणूचा डीएनए शोधला. तो सापडला. म्हणजे मस दिसतो तेवढ्याच जागी आजार असतो हा समज चुकीचा. आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तरातही विषाणू निजलेला असतो.

आमच्या भागात द्राक्षबागा आहेत, म्हणून मला हे पटकन समजले. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली की वेल बोडकी दिसते. पण खोडाला डोळे असतात आणि त्यातूनच नव्या काड्या फुटतात. सर्जन करतात ती छाटणी. श्वास मोकळा राहावा म्हणून ती हवीच. पण डोळे तिथेच राहतात, आणि ते खुडायचे म्हणून सर्जनने जास्त खोल कापले तर स्वरतंतूवर व्रण पडून आवाज कायमचा जातो. म्हणून अनुभवी सर्जन मुद्दाम थोडे राखून काढतात. लेझर वापरा की मायक्रोडिब्रायडर (फिरत्या पात्याने मस कापून ओढून घेणारे उपकरण), हे बदलत नाही.

जागेचेही महत्त्व आहे. श्वासनलिकेचे केसाळ अस्तर आणि घशाचे चपटे अस्तर जिथे एकमेकांना भेटतात, त्या सीमेवर मस जास्त उगवतात. स्वरतंतूंच्या कडांना अशी सीमा असते. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली की तिथे नवी सीमा तयार होते आणि आजार खाली उतरायला वाट मिळते. म्हणून नळी शक्यतो टाळतात. जीव वाचवायला लागलीच तर बसवावीच लागते, आणि मग लवकर काढण्याचा प्रयत्न करतात.

आईमुळे झाला का?

फोनवर हे बहुधा आई विचारते, आणि हळू आवाजात विचारते.

लहान मुलांना विषाणू बहुधा जन्माच्या वेळी मिळतो हे खरे आहे. पण एचपीव्ही इतका सर्वत्र आहे की आयुष्यात कधीतरी बहुतेक सगळ्यांनाच होतो, आणि बहुसंख्य लोकांना तो आला-गेला कळतही नाही. डेन्मार्कच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणात जननेंद्रियावर मस असलेल्या आयांच्या दर हजार बाळंतपणांमागे सुमारे ७ मुलांनाच हा आजार झाला. उरलेली नऊशे त्र्याण्णव मुले ठणठणीत. सिझेरियन केले असते तर टळले असते असेही नाही, कारण सिझेरियनने जन्मलेल्या मुलांनाही तो झालेला आहे. यात कुणाचा गुन्हा नाही. घरात यावरून कुणी बाईला बोलत असेल, तर हे उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

शाळेत किंवा भावंडांना लागेल का?

नाही. एकत्र जेवल्याने, खेळल्याने, खोकल्याने हा पसरल्याचे दिसलेले नाही. काळजी घ्यावी लागते ती ऑपरेशन थिएटरमध्ये. लेझरच्या धुरात विषाणूचा डीएनए सापडलेला आहे, म्हणून तिथले लोक धूर ओढून घेणारी नळी आणि विशेष मास्क वापरतात.

एवढ्यांच्या अंगात विषाणू येतो, मग आजार आमच्याच मुलाला का?

संशोधनात खरी गाठ इथेच आहे. विषाणू तोच, पण त्याला ओळखणारी प्रतिकारशक्ती प्रत्येकाची वेगळी. न्यूयॉर्कमधल्याच व्हिन्सेंट बोनागुरा यांच्या गटाने बरीच वर्षे दाखवले आहे की या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एचपीव्ही पाहिल्यावर हल्ल्याचे संदेश पाठवण्याऐवजी शांत राहण्याचे संदेश पाठवतात. बाकी बाबतीत ही मुले निरोगी असतात, सर्दी-ताप इतरांसारखाच येतो-जातो. म्हणजे 'प्रतिकारशक्ती कमी आहे' हे वाक्य चुकीचे. ती एका विषाणूपुरती दिशा चुकलेली आहे. २०१९ साली एका कुटुंबातल्या भावंडांत एनएलआरपी१ या एकाच जनुकातला बदल आजारामागे सापडला. बहुतेक रुग्णांत मात्र असे एकच जनुक दाखवता येत नाही.

पालकांनी च्यवनप्राशचे डबे आणायचे थांबवावे असे मी म्हणणार नाही. फक्त त्याने मस थांबतील ही आशा ठेवू नका.

कर्करोग होतो का?

प्रकार ६ आणि ११ हे 'कमी जोखमीचे' म्हणतात ते कर्करोगाच्याच हिशेबाने. प्रकार १६ किंवा १८ ची ई६ आणि ई७ प्रथिने पेशीची सुरक्षा यंत्रणा पार मोडतात, तर ६ आणि ११ ची प्रथिने ती थोडी ढिली करतात. म्हणून कर्करोग फार थोड्यांना होतो. शंभरात दोन-तीन जणांत आजार फुप्फुसात उतरतो. त्यांच्यावर जास्त बारीक लक्ष ठेवावे लागते, विशेषतः प्रकार ११ असेल तर. छातीचा सीटी स्कॅन कधी करायचा हे डॉक्टरांना विचारा.

शंभर वर्षे झाली, औषध का निघाले नाही?

बरेच विषाणू काचेच्या बशीत पेशींवर वाढवता येतात. एचपीव्ही तसा वाढत नाही, कारण त्याला थर लागतात, खालून वर जाणारी पेशींची वाट लागते. त्यामुळे संशोधकांना प्रयोगशाळेत आधी अस्तरच तयार करावे लागते. पेशी एका पातळ पडद्यावर ठेवून हवेच्या संपर्कात वाढवतात, तेव्हा कुठे थर बनतात. दुसरी अडचण म्हणजे पॅपिलोमा विषाणू आपापला प्राणी सोडत नाही. माणसाचा विषाणू उंदराला होत नाही. १९३३ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी रानसशांचा मस-विषाणू शोधला आणि त्यावर फार काम झाले, पण सशांवरचे जनुकीय प्रयोग उंदरांइतके सोपे नाहीत.

इथे खारघरचा संबंध येतो, आणि तो मी प्रत्येक वर्गात सांगतो. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत केस नसलेल्या, थायमस ग्रंथी नसलेल्या (म्हणून प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या) उंदरांच्या वसाहतीत काही उंदरांच्या नाकातोंडाशी मस दिसले. तिथले अरविंद इंगळे आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी त्यातून नवा विषाणू वेगळा केला आणि २०११ साली तो जाहीर केला. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदराला होणारा हा पहिला पॅपिलोमा विषाणू. आज जगभर तो एमएमयूपीव्ही१ या नावाने वापरला जातो. २०२२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने हाच विषाणू उंदराच्या स्वरतंतूंना देऊन तिथे खालचा थर कसा फुगतो आणि अस्तराचा बंदोबस्त कसा ढासळतो हे दाखवले. पिंजऱ्यातल्या उंदराच्या नाकावरचा मस कुणीतरी थांबून नीट पाहिला, म्हणून माझ्या मुलीच्या आजाराला प्रयोग करण्याजोगा प्राणी मिळाला.

आणखी एक उदाहरण जॉर्जटाउन विद्यापीठाचे, २०१२ सालचे. फुप्फुसात आजार पसरलेल्या २४ वर्षांच्या एका तरुणाच्या गाठीतल्या आणि निरोगी भागातल्या, दोन्ही पेशी त्यांनी जिवंत वाढवल्या. स्वरयंत्रातल्या विषाणूचा डीएनए नेहमीच्या ७,९०० अक्षरांचा होता, फुप्फुसातल्याचा वाढून सुमारे १०,४०० झाला होता. मग त्या पेशींवर औषधे तपासून व्होरिनोस्टॅट निवडले, आणि त्या तरुणाच्या गाठींची वाढ थांबली. एकाच रुग्णाची गोष्ट आहे, तिच्यावरून नियम बांधता येत नाही. पण पेशी जिवंत मिळाल्या तर किती पुढे जाता येते ते दिसले.

सध्या कोणती औषधे आहेत?

इंटरफेरॉन १९८०च्या दशकात गाजले, पण सुरुवातीचा फायदा टिकला नाही. सिडोफोव्हिर मसात टोचतात, त्याचे परिणाम मिश्र आहेत. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध मसांना रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. शिरेतून दिल्यावर अनेक गंभीर रुग्णांच्या शस्त्रक्रिया खूप कमी झाल्या आहेत. मात्र बंद केले की मस बहुधा परततात, कारण विषाणूला ते हात लावत नाही.

सगळ्यात मोठी बातमी ऑगस्ट २०२५ ची. झोपॅपोजीन इमॅडेनोव्हेक या उपचाराला अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, म्हणजे एफडीएने, प्रौढ रुग्णांसाठी मान्यता दिली. गोरिलाच्या अ‍ॅडेनोव्हायरस या विषाणूला निरुपद्रवी करून त्यात प्रकार ६ आणि ११ च्या प्रथिनांची माहिती भरली आहे, म्हणजे निजलेल्या प्रतिकारशक्तीला शत्रूचा फोटो दाखवण्यासारखे. बारा आठवड्यांत चार इंजेक्शने. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या चाचणीत ३५ पैकी १८ जणांना पुढचे वर्षभर एकही शस्त्रक्रिया लागली नाही, आणि हे सगळे आधी वर्षाला तीन किंवा जास्त शस्त्रक्रिया लागणारे रुग्ण होते. हा आकडा वाचला त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितले. मुलांसाठी अजून मान्यता नाही, तरी वाट सापडली आहे.

एचपीव्हीची लस घेतली तर बरा होतो का?

झालेला आजार लसीने जातो असे सिद्ध झालेले नाही, आणि का ते वर आलेच आहे. लस विषाणूचे कवच ओळखायला शिकवते, आणि कवच फक्त वरच्या झडणाऱ्या थरात असते. खाली निजलेल्या पेशीत ते नसतेच.

पण पुढच्या पिढीत हा आजार होऊ न देण्याची ताकद तिच्यात आहे. ऑस्ट्रेलियाने २००७ पासून मुलींना चार प्रकारांविरुद्धची लस दिली. देशभरात मुलांमधले नवे रुग्ण २०१२ साली ७ होते, २०१६ साली १. त्या पाच वर्षांत आजार झालेल्या १५ मुलांपैकी एकाचीही आई गरोदरपणाआधी लस घेतलेली नव्हती.

आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२२ साली मान्य झाली आणि २०२३ च्या जानेवारीत आली. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे चारही प्रकार आहेत, आणि ती ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे. लस घेताना एक गोष्ट जरूर विचारा, त्यात ६ आणि ११ आहेत का? फक्त १६ आणि १८ विरुद्धची लस कर्करोगासाठी उपयोगी आहे, आरआरपीसाठी नाही.

होमिओपॅथीच्या थूजाने मस जातात म्हणतात.

हातावरचा चामखीळ पुष्कळदा आपोआप जातो, आणि त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळते. आरआरपीतही काही महिने शांत जातात. गोळ्या द्यायच्या की नाही हा तुमचा प्रश्न, पण त्यासाठी दुर्बिणीची तारीख पुढे ढकलू नका. लहान मुलाची श्वासाची वाट पेन्सिलीपेक्षाही अरुंद असते.

वयात आल्यावर जातो का?

काहींचा ओसरतो, काहींचा नाही. ठरलेले वय नाही.

संशोधनासाठी आम्ही काय करू शकतो?

शस्त्रक्रियेच्या दिवशी आमच्या हातात एक छोटी बाटली देतात, पॅथॉलॉजीत नेऊन द्यायला. आत फॉर्मॅलिनमध्ये भिजलेल्या साबुदाण्याएवढे पाच-सहा पांढुरके कण असतात. पहिल्या काही वेळा मी ती निमूट नेऊन दिली. नंतर कळले की फॉर्मॅलिनमध्ये पडलेली पेशी मेलेली असते. तिच्यातून डीएनए काढता येतो, पण ती वाढवता येत नाही. जिवंत पेशी हव्या असतील तर तुकडे आधीच वेगळ्या द्रावणात घेऊन बर्फावर प्रयोगशाळेत पोचवावे लागतात, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेआधी संमती लागते.

म्हणून तारीख ठरताच तीन गोष्टी विचारा. एकदा तरी विषाणूचा प्रकार, ६ की ११, तपासून मिळेल का? उरलेले ऊतक कोणत्या संशोधनासाठी देता येईल का, आणि त्याची संमती कुठे द्यायची? पॅथॉलॉजीतला, ऊतक बसवलेला मेणाचा ठोकळा किती वर्षे जपून ठेवतात? शस्त्रक्रियेच्या तारखा, दुर्बिणीचे व्हिडिओ आणि अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवा. दुर्मीळ आजारात अशी एक पूर्ण फाइलही संशोधकाला फार मोलाची असते. आमच्या फाइलवर मुलीने स्वतःच्या अक्षरात क्रमांक टाकले आहेत, १ ते १७. सोळाव्या आणि सतराव्यामध्ये चौदा महिने गेले, आजवरचे सगळ्यात मोठे अंतर. पुढच्या वेळी फॉर्मॅलिनच्या बाटलीशेजारी बर्फाचा डबाही असणार आहे. संमतीचा कागद भरून झाला आहे.